धसका अंगात राहतो, तेव्हा...

लहानपणी आम्ही भावंडं कशाला घाबरलो की आजी आधी आमच्या पायांना हात लावून बघायची. पाय गार लागले की म्हणायची, "पोरानं धसका घेतलाय." मग मीठमोहऱ्या ओवाळून टाकायच्या, कोमट पाणी प्यायला द्यायचं, पाठीवरून हात फिरवायचा आणि मांडीशी घेऊन बराच वेळ नुसतं बसायचं. "काय झालं, सांग बघू" असं ती कधी विचारायची नाही. आपलं बोलणं सुरू व्हायचं ते पाय गरम झाल्यावर.

आजीची ही रीत मी विसरून गेले होते. ती आठवली ती बेळगावपासून शेकडो मैल दूर, मध्य प्रदेशातल्या सौंसर गावात. माझी थोरली बहीण तिथे दिलेली आहे. आम्ही तिला अक्का म्हणतो. भावोजी नोकरीनिमित्त काही वर्षं बेळगावात होते, तेव्हा हे लग्न जुळलं. पंचवीस वर्षं झाली, अक्का आता पुरती तिकडची झाली आहे. "मला" म्हणायचं सोडून "मले" म्हणते आणि रागावली की मात्र अजून कन्नडात बोलते.

आपल्यासारखीच सीमेवरची माणसं

सौंसर आणि पांढुर्णा हा भाग आपल्या वाचकांना फारसा माहीत नसेल, पण त्यांचं दुखणं-खुपणं आपल्याला लगेच कळेल. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. त्याच दिवशी विदर्भ मुंबई राज्यात आला आणि त्याला लागून असलेला छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. सौंसर-पांढुर्णा त्या जिल्ह्यात होते. घरात मराठी, शाळा-कचेरीत हिंदी, बाजार नागपूरचा, असा तिथला संसार आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये या दोन तालुक्यांचा मिळून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला. संत्री आणि कापूस ही तिथली मुख्य पिकं. पोळा हा मोठा सण.

आपल्याकडे बैलांचा सण म्हणजे बेंदूर, नाहीतर कन्नड घरांतली कार हुण्णिमे आणि मण्णेत्तिन अमावास्ये. तिकडे श्रावण अमावास्येला पोळा असतो आणि दुसऱ्या दिवशी लहान मुलांचा, लाकडी बैलांचा तान्हा पोळा. त्याच दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात गोटमार होते.

गोटमार म्हणजे दगडफेक. जाम नदीच्या एका काठाला पांढुर्णा, दुसऱ्या काठाला सावरगाव. नदीच्या पात्रात मध्यभागी पळसाचं झाड रोवतात, त्यावर झेंडा लावतात. दोन्ही काठांवरून एकमेकांवर दगड फेकले जातात आणि त्या माऱ्यातून झाडापर्यंत जाऊन ते तोडून झेंडा आणायचा असतो. झेंडा मग चंडीमातेच्या देवळात वाहतात. यामागची कथा अशी सांगतात, की पांढुर्ण्याच्या एका तरुणाने सावरगावच्या मुलीला पळवून आणलं. नदी ओलांडताना दोन्ही गावांनी दगड मारले आणि दोघेही मध्यावरच गेले. कथा किती खरी हे कोण सांगणार! पण दगड खरे आहेत. दरवर्षी शेकडो माणसं जखमी होतात. १९५५ पासून डझनाहून अधिक जणांचा जीव गेल्याची नोंद वर्तमानपत्रांतून सांगितली जाते. प्रशासनाने जमावबंदी लावून पाहिली, दगडांऐवजी रबरी चेंडूही देऊन पाहिले. परंपरा थांबलेली नाही.

मी बाहेरची. कुणाच्या श्रद्धेला नावं ठेवायला मी हे लिहीत नाही. पण माझ्या भाच्याच्या कपाळावर त्या नदीतला एक गोटा लागला, म्हणून मला यावर लिहायचा थोडा तरी हक्क आहे असं वाटतं.

जखम भरली, धसका राहिला

ही तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. भाचा तेव्हा एकोणीस वर्षांचा. पांढुर्ण्याला त्याची आत्या राहते. दरवर्षी पोळ्याला सगळे तिकडे जमायचे. त्या वर्षी अक्का काठावर बायकांच्या घोळक्यात उभी होती. मुलगा मित्रांबरोबर पुढे गेला. थोड्या वेळाने चार पोरांनी एकाला उचलून आणलं. तोंड रक्ताने भरलं होतं, म्हणून तिने आधी ओळखलंच नाही. पायातल्या चपलेवरून ओळखलं.

कपाळाला टाके पडले. डोळा वाचला. महिन्याभरात पोरगा मोटारसायकल चालवायला लागला. "मले काई नाई झालं मावशी, आई उगीच घाबरते," असं मला फोनवर हसत म्हणाला.

अक्काला मात्र बरंच काही झालं होतं. पत्र्यावर चिंच पडली तरी ती दचकून उठायची. ढोल वाजला की हात गार पडायचे. श्रावण लागला की झोप उडायची. पुलावरून जायचं म्हटलं की पोटात ढवळून यायचं. मुलगा उशिरा आला तर आधी रडायची, मग त्याच्यावर ओरडायची. भावोजी समजावत राहिले, "अगं, तो बरा झाला ना!" तिलाही ते कळत होतं. डोक्याला कळत होतं, अंगाला कळत नव्हतं.

वाचकहो, आपल्या दोन्ही भाषांना हे फार पूर्वीपासून माहीत आहे. भीतीबद्दल बोलताना आपण मनाचं नावही घेत नाही. छातीत धस्स होतं, पोटात गोळा येतो, हातपाय गळतात, पाचावर धारण बसते. कन्नडात 'एदे झल्लेंदितु' म्हणतात, म्हणजे छातीत झणकन झालं. सगळं शरीराचंच वर्णन. डॉक्टरी शास्त्राला याचं रीतसर नाव द्यायला १९८० साल उजाडलं. व्हिएतनामच्या युद्धावरून परतलेल्या सैनिकांचे हाल पाहून अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांनी त्या वर्षी आपल्या रोगांच्या यादीत 'पीटीएसडी' हा आजार घातला. आघातानंतर महिना उलटून गेला तरी तो प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येणं, त्याची आठवण करून देणाऱ्या जागा टाळणं, सतत सावध आणि दचकलेलं राहणं, मन बधिर होणं, ही त्याची मुख्य लक्षणं.

हे फक्त युद्धात होतं असं नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर कितीतरी लोक पक्क्या घरात झोपायला धजत नव्हते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णा-पंचगंगेच्या काठची आणि आपल्या बेळगाव जिल्ह्यातली घरं बुडाली. पाऊस जोरात आला की रात्री उठून उंबऱ्याबाहेर बघणारी माणसं तेव्हापासून मी माझ्या माहेरच्या गल्लीतही पाहिली आहेत. बंदच्या दिवशी शाळेच्या बसवर दगड आला, तर आतलं मूल मराठी आहे की कन्नड हे त्या दगडाला माहीत नसतं. धसका दोघांनाही सारखाच बसतो.

जामसावळीच्या हनुमानापाशी

अक्काला घरच्यांनी आधी नेलं ते जामसावळीला. सौंसरजवळ हे हनुमानाचं प्रसिद्ध देवस्थान आहे. पिंपळाखाली झोपलेल्या स्थितीतली मूर्ती आहे. मूर्तीच्या नाभीतून येणारं पाणी तीर्थ म्हणून देतात. मनाच्या आजाराने त्रासलेल्या, 'बाहेरची बाधा' झाली असं ज्यांच्याबद्दल घरचे समजतात अशा माणसांना दूरदूरहून इथे आणतात. काही जण दिवसेंदिवस मुक्काम करतात. गंमत म्हणा की योगायोग, पण ज्या जाम नदीच्या पात्रात पांढुर्ण्याला दगड उडतात, तीच नदी या देवस्थानाजवळूनही वाहते.

मी अक्काबरोबर तिथे दोनदा जाऊन आले. आरतीच्या वेळी काही बायका घुमायला लागल्या. आपण 'अंगात येणं' म्हणतो, कन्नडात 'मैमेले बरोदु' म्हणतात. दोन्हींत अंगच आहे. एक म्हातारी थरथर कापत होती, मग हळूहळू शांत झाली आणि सुनेच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. तिला काय झालं होतं मला ठाऊक नाही. पण जे तोंडाने बोलता येत नाही ते शरीर आपल्या परीने बाहेर टाकू पाहतं, असं मात्र वाटलं.

अक्काला तिथे बरं वाटायचं. "इथे कुणी विचारत नाही काय झालं म्हणून," ती म्हणाली. घरी परतल्यावर दोन-चार दिवस झोप लागायची, मग पुन्हा तेच. तेव्हा मी नागपूरच्या मानसोपचारतज्ज्ञाचं नाव काढलं. घरात शांतता पसरली. आपल्याकडे जसं "ह्याला धारवाडला पाठवा" म्हणतात, तसं तिकडे नागपूरच्या मनोरुग्णालयाचं नाव घेऊन चिडवतात. अक्काच्या सासूबाईंनीच शेवटी तोडगा काढला. "हनुमानजी का डॉक्टरकडे जाऊ नको म्हणते? तीर्थ घे आन् गोळी बी घे," त्या म्हणाल्या.

सासूबाईंचं हे बोलणं फार मोलाचं आहे. ६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूतल्या एरवाडी इथे दर्ग्याजवळच्या एका आश्रयस्थानाला आग लागली. तिथले मनोरुग्ण साखळ्यांनी बांधलेले होते. पंचवीसहून अधिक जण जळून गेले. श्रद्धेच्या ठिकाणी आजारी माणसाला आसरा मिळणं आणि त्याला उपचारापासून तोडून बांधून ठेवणं, यातला फरक त्या आगीने देशाला दाखवला. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मनोरुग्णाला साखळदंडाने बांधायला मनाई केली आहे. देवळात जाऊ नये असं कुणी म्हणत नाही. तिथून दवाखान्याची वाट बंद होऊ नये, एवढंच.

डोळे मिटले आणि नदी दिसली

दवाखान्यात जायच्या आधी आणखी एक प्रयोग झाला होता. तो सांगायलाच हवा. शेजारणीच्या आग्रहावरून अक्का एका ध्यानाच्या शिबिराला गेली. वीस मिनिटं डोळे मिटून, न हलता, श्वास बघत बसायचं होतं. पाचव्या मिनिटाला तिला नदी दिसली. मग ते तोंड, ती चपल. ती उठून बाहेर पळाली. "तुमचं मन फार चंचल आहे, सराव वाढवा," असा सल्ला तिला मिळाला. घरी येऊन ती दोन दिवस जेवली नाही. आपल्याला साधं डोळे मिटून बसणंही जमत नाही, म्हणजे आपण वायाच गेलो, असं तिच्या मनाने घेतलं.

नागपूरच्या दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंनी हे ऐकलं आणि म्हणाल्या, "चूक तुमची नाही. ज्याच्या डोळ्यांपुढे अजून दगड उडत आहेत, त्याला लगेच डोळे मिटायला सांगायचं नसतं."

ध्यान वाईट असा याचा अर्थ नाही. विपश्यना आपल्या महाराष्ट्रातून जगभर गेली. ब्रह्मदेशात जन्मलेले सत्यनारायण गोएंका १९६९ मध्ये भारतात आले आणि पुढे इगतपुरीला धम्मगिरी उभं राहिलं. लाखो लोकांना त्याचा लाभ झाला आहे. पण दहा दिवसांचं मौन आणि रोज दहा तासांची बैठक हे कसलेल्या पहिलवानाचं काम आहे. गंभीर मानसिक आजार असेल तर तसं आधी सांगा, असं त्या शिबिरांच्या अर्जातही विचारलेलं असतं. अमेरिकेत जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये दुखण्याने आणि ताणाने गांजलेल्या रुग्णांसाठी सजगतेचा आठ आठवड्यांचा कार्यक्रम सुरू केला. त्याचं मूळही आपल्याकडच्या ध्यानपरंपरेतच आहे. मात्र आघात झालेल्या माणसासाठी हे सगळं थोडं बदलून घ्यावं लागतं, हे आता तज्ज्ञ उघडपणे सांगतात. डोळे उघडे ठेवायची मुभा, हालचालीची मुभा, मध्येच थांबायची मुभा. आणि सुरुवात मनापासून नाही, पायांपासून.

आधी पाय जमिनीवर

समुपदेशक बाईंनी अक्काला पहिल्या दिवशी काय झालं ते विचारलंच नाही. खुर्चीत बसवून म्हणाल्या, "चपला काढा. तळपाय फरशीवर टेका. फरशी गार आहे की कोमट?" बस. दुसऱ्या भेटीत भिंतीला दोन्ही तळहात लावून जोराने ढकलायला सांगितलं, मग हात सोडून खांद्यांत काय जाणवतं ते विचारलं. तिसऱ्या भेटीत श्वास आला. त्यातही घेण्यावर भर नाही, सोडण्यावर. चार अंक मोजत घ्यायचा, सहा अंक मोजत सोडायचा.

यामागचं कारण साधं आहे. संकट दिसलं की शरीर स्वतःहून तयारी करतं. छाती धडधडते, स्नायू ताठतात, रक्त हातापायांच्या मोठ्या स्नायूंकडे वळतं. लढायचं किंवा पळायचं. दोन्ही शक्य नसेल तर माणूस जागच्या जागी थिजतो. अक्का काठावर थिजली होती. धोका टळल्यावर ही तयारी उतरायला हवी. कधी कधी ती उतरत नाही, आणि शरीर महिनोन् महिने पहाऱ्यावरच राहतं. त्याला "आता काही नाही" हे शब्दांनी सांगून पटत नाही. श्वासाने मात्र सांगता येतं. श्वास घेताना हृदयाची गती जराशी वाढते, सोडताना जराशी मंदावते. म्हणून श्वास सोडणं लांबवलं की मज्जासंस्थेची शांत करणारी बाजू जोर धरते. आपल्या आज्या सुस्कारा टाकायच्या तो काही उगाच नाही. कन्नडात त्याला 'निट्टुसिरु' असा सुंदर शब्द आहे, म्हणजे लांब श्वास.

याला अभ्यासाचा आधारही आहे. बोस्टनमधले मानसोपचारतज्ज्ञ बेसेल व्हॅन डर कोल्क यांच्या गटाने २०१४ मध्ये ६४ स्त्रियांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. या स्त्रियांचा जुना आघात इतर उपचारांनी हटला नव्हता. दहा आठवडे हळुवार योगासनांच्या वर्गाला गेलेल्या ३१ पैकी १६ जणी शेवटी पीटीएसडीच्या निकषांतून बाहेर आल्या. नुसत्या आरोग्यविषयक माहितीच्या वर्गाला गेलेल्या २९ पैकी सहा जणी आल्या. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूतल्या छावण्यांत १८३ जणांवर श्वसनाच्या एका कार्यक्रमाचा अभ्यास झाला, त्यातही लक्षणं उतरलेली दिसली. २००८ च्या बिहारच्या पुरानंतर पूरग्रस्तांना आठवडाभर योग शिकवला तेव्हा त्यांची उदासी कमी झाली, तर न शिकलेल्यांची चिंता वाढली. त्यात माणसं जेमतेम बावीस होती, हेही सांगायला हवं. हे अभ्यास लहान आहेत. ही जादू नाही, पण थोतांडही नाही.

आणि हे शास्त्र आपल्याला परकं नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केलं आणि योग प्रयोगशाळेत तपासायला सुरुवात केली. कोलार जिल्ह्यातल्या बेल्लूरला जन्मलेल्या बी. के. एस. अय्यंगारांनी पुण्याला घर मानलं. दोरी, उशी, खुर्ची यांचा आधार देऊन दुबळ्या शरीरालाही आसन जमेल अशी पद्धत त्यांनी रूढ केली. कन्नड मुलखातला माणूस, मराठी मुलखातलं काम आणि फायदा साऱ्या जगाला. आपल्यासारख्या दुभाषी घरांनी अभिमान बाळगावा अशी ही गोष्ट आहे. बंगळूरच्या निम्हान्समध्येही मानसिक आजारांत योगाचा कसा उपयोग होतो यावर अनेक वर्षं काम चाललं आहे.

मात्र एक गोष्ट डॉक्टरांनी स्पष्ट सांगितली. श्वास आणि आसनं ही जोड आहेत, मुख्य उपचाराची जागा ती घेत नाहीत. आघातावर केंद्रित केलेले समुपदेशनाचे उपचार आहेत, गरज पडली तर औषधं आहेत. शेजाऱ्याच्या डब्यातली झोपेची गोळी मात्र कुणी घेऊ नये. आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात प्रौढांना अशा गुंगीच्या गोळ्या देऊ नयेत, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्येच दिला आहे.

घरी करण्यासारखं

अक्काच्या स्वयंपाकघरात फळीला एक कागद चिकटवलेला आहे. तिच्या परवानगीने त्यातलं इथे देते.

१. छातीत धस्स झालं की आधी तळपाय जमिनीवर टेकवा. जमीन कशी लागते ते मनात म्हणा.

२. डोळे उघडे ठेवून आजूबाजूच्या पाच वस्तूंची नावं घ्या. कळशी, खिडकी, दिनदर्शिका, काहीही. आपण 'तेव्हा' नाही, 'आत्ता' आहोत हे डोळ्यांना कळू द्या.

३. श्वास सावकाश घ्या आणि त्याहून सावकाश सोडा. पाच-सहा वेळा पुरे. चक्कर आली तर थांबा.

४. दोन्ही हातांनी भिंत ढकला, कणीक तिंबा, उभ्याने झाडू मारा. अंगात साठलेल्या जोराला वाट द्या.

५. करताना त्रास वाढला तर लगेच सोडा. थांबणं हाही सरावच आहे.

६. महिना उलटूनही झोप, भूक, कामधाम सुरळीत होत नसेल, किंवा जीव द्यावासा वाटत असेल, तर वाट न बघता डॉक्टरांना भेटा. टेली-मानस ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे. १४४१६ हा क्रमांक फिरवला की फुकट सल्ला मिळतो, मराठीत आणि कन्नडातही.

जिल्हा रुग्णालयातही मानसिक आरोग्याची सोय असते. हे जिल्हा पातळीवरचं काम देशात पहिल्यांदा आपल्या कर्नाटकातल्या बळ्ळारी जिल्ह्यात निम्हान्सने करून दाखवलं, आणि १९९६ पासून त्या नमुन्यावर देशभर कार्यक्रम सुरू झाला. म्हणजे त्या दारात जायची लाज वाटावी असं काहीच नाही.

गेला पोळा

गेल्या पोळ्याला अक्का म्हणाली, "यंदा मी पांढुर्ण्याला जाणार आहे. तू येशील?" तीन वर्षांत ती त्या गावात गेली नव्हती. मी गेले.

गोटमारीच्या सकाळी आम्ही तिच्या नणंदेच्या घरी होतो. नदी दिसत नाही, पण ढोल आणि लोकांचा आरडाओरडा ऐकू येतो. अक्का पुरणाला बसली होती. पहिला गलका झाला तशी तिची बोटं थांबली. चेहरा उतरला. मी काही बोलणार होते, पण ती स्वतःच पाटावरून उठली, अनवाणी अंगणात गेली आणि ओल्या मातीवर उभी राहिली. ओठ हलत होते. पाच वस्तू मोजत असावी. दहा मिनिटांनी परत आली आणि म्हणाली, "तवा ठेव."

भाचा सकाळीच बाहेर पडला होता. "पुढे जाणार नाही, नुसता बघणार," असं सांगून. अक्काने त्याला अडवलं नाही. तिला ते किती जड गेलं हे मी पाहत होते. दुपारी दोनच्या सुमाराला तो एकटाच परत आला. बूट न काढता ओसरीवर बसला. मी विचारलं, "संपली का गोटमार?"

"नाही," तो म्हणाला. थोड्या वेळाने खाली बघत म्हणाला, "मावशी, माझे हात थांबत नाहीत."

खरोखरच त्याचे हात थरथरत होते. तीन वर्षं "मले काई नाई झालं" म्हणणारा हा मुलगा. आम्ही सगळे अक्काच्या धसक्याकडे बघत राहिलो. त्याचा धसका त्याच्या हसण्यामागे लपला होता, तो कुणाला दिसला नाही. पुरुषाने घाबरायचं नसतं, त्यात गोटमारीच्या गावात तर नाहीच. त्याने तरी कुणाला सांगायचं?

अक्काने त्याला काही विचारलं नाही. खाली बसून त्याचे बूट काढले, मोजे काढले. तळपाय दोन्ही हातांत धरले. "गार पडलेत," एवढंच म्हणाली. मग ते फरशीवर टेकवून आपणही शेजारी बसली. "सोड श्वास. घाई नको." दोघं मायलेकरं ओसरीवर बसून श्वास सोडत होती, आणि लांबून नदीवरचा गलका ऐकू येत होता.

तिथून एक विचार माझ्या मनातून जात नाही. अशा सरावांनी माणूस सावरतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं. पण जखम दरवर्षी नवी होणार असेल, तर नुसत्या श्वासाने किती निभावणार? पाय जमिनीवर टेकवायला शिकायचं ते दगड सोसत राहण्यासाठी नाही. डोकं शांत झालं की दगड हातात घ्यायचा की नाही याचा विचार तरी करता येतो. भीतीने आणि चवताळून गेलेल्या माणसाला तोही करता येत नाही. पांढुर्ण्या-सावरगावच्या लोकांनी आपल्या परंपरेचं काय करायचं, ते त्यांनीच ठरवायचं आहे. नदीच्या दोन्ही काठांवर अक्कासारख्या आया आहेत. त्यांनाही कुणीतरी विचारावं, एवढीच माझी इच्छा.

संध्याकाळी झेंडा देवळात गेल्याचं कळलं. भाच्याने दोन पुरणपोळ्या खाल्ल्या. पुढच्या आठवड्यात आईबरोबर नागपूरला जायला तो कबूल झाला. जाण्याआधी जामसावळीला नारळ फोडायचा, असं सासूबाईंनी सांगून टाकलं. कुणीच नाही म्हणालं नाही.

बेळगावला परत आल्यावर मी आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तुझी आजी पाय बघायची, आठवतं?" आठवतं तर! आपल्या घरात कुणी गप्प झालं असेल, कारण नसताना चिडत असेल, रात्री दचकून उठत असेल, तर लगेच प्रश्न विचारू नका. आधी जवळ बसा आणि पाय गार आहेत का ते बघा.